पहिल्या पंचवीस माणसांचं एचआर: लहान कारखान्यासाठी पायरीपायरीने

अंबड, वाळूज किंवा शिरोलीच्या एमआयडीसीतल्या लहान कारखान्यात एचआरची जागा सहसा जाहिरात देऊन भरत नाहीत. अकाउंट्स बघणाऱ्या मुलीला किंवा मालकांच्या पुतण्याला एक दिवस सांगितलं जातं, ‘आता माणसांचं पण तूच बघ.’ हा लेख त्या माणसासाठी आहे. वीस-पंचवीस माणसं, एक-दोन सुपरवायझर, बाहेरचा एक पीएफ कन्सल्टंट आणि सगळे निर्णय मालकांच्या तोंडी, अशी जागा डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे.

लहान कारखान्यात कामावरून भांडण क्वचितच होतं. ‘ठरलं काय होतं’ यावरून होतं. पगार किती ठरला होता, खाडा किती दिवसांचा, उचल कधी फिटली, सुट्टी कोणी मंजूर केली. त्यामुळे नव्या एचआरचं पहिलं काम म्हणजे हे सगळं वेळेआधी ठरवून कागदावर आणणं. टीम बिल्डिंग आणि वाढदिवसाचे केक नंतर.

पायरी १: आधी डोकी मोजा

कोणता कायदा लागू होतो, हे मुख्यतः माणसांच्या संख्येवर ठरतं. व्यवसाय कराची कपात व्यवसाय कर बसेल एवढ्या पगाराच्या पहिल्या माणसापासूनच सुरू होते. ५ माणसं झाली की महाराष्ट्र कामगार कल्याण निधी. १० झाली की ईएसआय (कामगारांचा आजारपण आणि अपघाताचा सरकारी विमा), ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांप्रमाणे मिळणारी रक्कम) आणि लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती. २० झाली की पीएफ आणि बोनस. ३० झाली की शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे, एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के. ५०ला पाळणाघर.

मोजताना ठेकेदाराने पाठवलेले हेल्पर, हाउसकीपिंगच्या मावशी आणि रोजंदारीवरचा लोडर हे सगळे धरा. नेमकी इथेच गफलत होते. ‘आपण १९च आहोत’ म्हणून मस्टर (हजेरीपट) १९वर धरून ठेवायचं आणि वरच्या चार जणांना व्हाउचरवर रोख द्यायची, ही पद्धत कोणाला नवीन नाही. पीएफच्या अधिकाऱ्यांनाही नाही. ते मस्टर नंतर बघतात, आधी ताळेबंदातलं ‘मजुरी’ खातं काढायला सांगतात. मस्टरवरचा पगार आणि खात्यातली मजुरी जुळली नाही की फरकाच्या रकमेवर मागची वर्षं धरून वसुली लागते, त्यावर १२ टक्के व्याज आणि दंड वेगळा. आणि पीएफ एकदा लागू झाला की पुढे माणसं २०च्या खाली आली तरी तो सुटत नाही. ईएसआय आणि ग्रॅच्युइटीचंही तेच.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच. २१ नोव्हेंबर २०२५पासून देशात २९ जुन्या कामगार कायद्यांच्या जागी चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. कन्सल्टंटने दिलेला किंवा इंटरनेटवरून उतरवलेला जुना नमुना त्याआधीचा असेल, तर तो तसाच वापरू नका. रोजच्या कामात जाणवणारे बदल चार: नियुक्तिपत्र प्रत्येकाला द्यायचं; भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर गेले तर वरची रक्कम वेतनात धरायची; नोकरी सोडणाऱ्याचं वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकतं करायचं; आणि ठरावीक मुदतीवर घेतलेल्या माणसाला एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटीचा हक्क.

पायरी २: जागा लिहा, मग माणूस शोधा

‘एक वेल्डर पाहिजे’ ही जागा झाली नाही. अर्ध्या पानात लिहा: मिग वेल्डिंग, २ ते ३ मिलिमीटर शीट, ड्रॉइंग वाचता यायला हवं, ग्राइंडिंग स्वतः करायचं, शिफ्ट कोणती, कोणाच्या हाताखाली, पगार किती ते किती. हा कागद सुपरवायझरला दाखवा. तो बहुतेक वेळा एखादी गोष्ट खोडतो आणि एखादी वाढवतो, आणि मालकांच्या मनातला वेल्डर आणि शॉपफ्लोअरवर लागणारा वेल्डर हे दोन वेगळे आहेत, हे जाहिरातीआधीच कळतं.

माणसं मिळण्याच्या जागा ठरलेल्या आहेत: आयटीआय, गेटवरचा बोर्ड, आपल्याच कामगारांची ओळख. ओळखीचा माणूस लवकर रुळतो, पण एका खात्यात एकाच गावचे चौघे भरलेत तर गावच्या जत्रेला त्या खात्याला कुलूप लागतं. कोकणातली माणसं गणपतीला आणि शिमग्याला जाणार, हे धरूनच चालावं. त्याबद्दल दरवर्षी नव्याने चिडण्यात अर्थ नाही.

मुलाखतीत चार गोष्टी विचारा. आधीची नोकरी का सोडली, तिथे हातात किती पडत होते, कुठून येणार, शिफ्ट फिरती चालेल का. तिसरा प्रश्न लोक हलका समजतात. आमच्या मते लहान कारखान्यातला माणूस कामाला कंटाळून जितका जातो, त्यापेक्षा जास्त दुसऱ्या पाळीनंतर घरी जायला बस नसते म्हणून जातो. लग्न कधी करणार, मूल कधी, जात कोणती, हे विचारायचं नाही.

कौशल्याच्या जागेला हातचं काम बघितल्याशिवाय घेऊ नका. दोन तुकडे द्या, एक सरळ जोड आणि एक कोपऱ्याचा, अर्धा तास द्या आणि सुपरवायझरला जोड तोडून बघायला सांगा. ट्रायल म्हणून अख्खा दिवस उत्पादनाला उभं केलं, तर त्या दिवसाचे पैसे द्या. फुकट ट्रायलची बातमी एमआयडीसीत चहाच्या टपरीवरून संध्याकाळपर्यंत पोचते.

पायरी ३: पगार सांगताना तीन आकडे सांगा

सगळ्यात जास्त मनस्ताप इथे होतो, म्हणून जरा सविस्तर.

समजा हेल्परला मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १५,००० ठरले, दुसरा भत्ता नाही. त्याच्या पगारातून पीएफचे १२ टक्के म्हणजे १,८०० जातात. ईएसआयचे ०.७५ टक्के, ११२.५०, म्हणजे वरच्या रुपयाला ११३. व्यवसाय कर २००. हातात राहिले १२,८८७. तीच जागा बाईने घेतली तर महाराष्ट्रात २५,०००पर्यंत स्त्रियांना व्यवसाय कर नाही, म्हणून तिच्या हातात १३,०८७. पुरुषांना फेब्रुवारीत २००ऐवजी ३०० कापले जातात, वर्षाचे २,५०० पुरे व्हावेत म्हणून. मार्चच्या सुरुवातीला ‘शंभर कमी कसे’ म्हणून रांग लागते. जानेवारीतच सांगून ठेवा.

आता मालकांच्या बाजूने. पीएफचे १,८००, वर विमा आणि प्रशासन खर्च अर्धा-अर्धा टक्का म्हणजे १५०. ईएसआय ३.२५ टक्के, ४८८. झाले १७,४३८. त्या कामाचं किमान वेतन १५,०००च्या आसपास धरलं, तर किमान ८.३३ टक्के बोनस महिन्याला १,२५० पडतो. ग्रॅच्युइटीसाठी बाजूला ठेवायचे ७२१. एकूण १९,४०९. यात भरपगारी रजा, बूट, गणवेश अजून धरलेले नाहीत.

म्हणजे मालक म्हणतात ‘याच्यावर माझे साडेएकोणीस जातात’, माणूस म्हणतो ‘मला पावणेतेरा मिळतात’, आणि ठरले होते पंधरा. तिघांपैकी खोटं कोणीच बोलत नाही. नेमणुकीच्या वेळी हे तीनही आकडे एका कागदावर लिहून समोर ठेवले, तर पहिल्या पगाराच्या दिवशीचा वाद होतच नाही. ‘हातात किती’ हा आकडा तोंडी कबूल करून मागाहून कपात दाखवणं ही नव्या एचआरची हमखास चूक.

पीएफचा आणखी एक प्रश्न येणारच: पासबुकात माझे १,८०० आणि मालकांचे ५५०च का? मालकांच्या १,८००पैकी १,२५० पेन्शन योजनेत जातात, ते वेगळ्या रकान्यात दिसतात. हे पासबुक मोबाइलवर उघडून दाखवा. तोंडी सांगून पटत नाही.

पगार ठरवण्याआधी किमान वेतनाची ताजी अधिसूचना बघा. महाराष्ट्रात उद्योगाप्रमाणे, परिमंडळाप्रमाणे आणि कुशल, अर्धकुशल, अकुशल अशा प्रतीप्रमाणे दर वेगळे आहेत. विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैमध्ये बदलतो. जुलैचा बदल ऑगस्टमध्ये लक्षात येणं नेहमीचंच आहे. फरक पुढच्या पगारात ‘थकबाकी’ म्हणून वेगळी ओळ दाखवून द्या.

पायरी ४: कागद पहिल्या दिवशी, माणूस मशिनवर जाण्याआधी

नियुक्तिपत्र दोन पानांचं पुरे. पद, रुजू होण्याची तारीख, पगाराची फोड, कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी, परिवीक्षेचा (प्रोबेशनचा) काळ, रजा, नोटीस किती दिवसांची, कोणाला जबाबदार. मराठीत द्या. इंग्रजीत दिलेल्या पत्रावर माणूस न वाचता सही करतो आणि सहा महिन्यांनी ‘मला कोणी सांगितलंच नाही’ म्हणतो, ते त्याच्या बाजूने खरंच असतं. दोन प्रती, दोन्हीवर दोघांच्या सह्या, एक त्याला.

फाइलमध्ये आधार, पॅन, बँक पासबुकाची प्रत, फोटो, शिक्षणाचा दाखला, आधीचा पीएफचा यूएएन (नोकरी बदलली तरी तोच राहणारा खाते क्रमांक) असेल तर तो, आणि घरच्या एका माणसाचा फोन. मूळ दाखले ठेवून घ्यायचे नाहीत, झेरॉक्स बघून परत. दाखले अडकवल्याने माणूस थांबत नाही, फक्त भांडण पोलीस चौकीपर्यंत जातं.

नाव आणि जन्मतारीख यांवर पाच मिनिटं जास्त घालवा. आधारवर वडिलांचं नाव ‘बाळू’, बँकेत ‘बाळासाहेब’. शाळेच्या दाखल्यावर गुरुजींनी घातलेली १ जून, आधारवर दुसरीच तारीख. रुजू होताना कोणाला याचं काही वाटत नाही. पण पीएफचं केवायसी (ओळखीची पडताळणी) अडतं, आणि ते कळतं कधी, तर मुलीच्या लग्नाला पैसे काढायला गेल्यावर. सगळीकडे आधारप्रमाणे नाव आणि तारीख घाला. आधारच चुकीचं असेल तर ते आधी दुरुस्त करायला सांगा.

ईएसआयची नोंदणी रुजू झाल्यापासून १० दिवसांत करायची असते. ‘टिकतोय का बघू, मग करू’ असं म्हणत महिना काढू नका. प्रेसवर बोट जायला तिसरा दिवसही पुरतो. नोंदणी झालेली असेल तर उपचार आणि रजेच्या काळातलं वेतन ईएसआय बघतं. नसेल तर भरपाई मालकांच्या खिशातून. पगार २१,०००पर्यंत असलेले सगळे यात येतात. वर्षाचे दोन टप्पे असतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. मध्येच पगारवाढ होऊन कोणी २१,०००च्या वर गेला तरी तो टप्पा संपेपर्यंत कपात चालू ठेवायची. जूनमध्ये वाढ दिली आणि जूनपासूनच ईएसआय बंद केलं, असं बऱ्याच ठिकाणी दिसतं. ते चूक आहे.

नामनिर्देशनही त्याच दिवशी भरून घ्या, पीएफचं ऑनलाइन आणि ग्रॅच्युइटीचं कागदावर. लग्न झालं की ते बदलायला लावा.

बाकी पहिला दिवस साधा असतो. सेफ्टी बूट कोणत्या मापाचे, लॉकर कुठला, चहा किती वाजता, आग लागली तर कुठे जमायचं, बायकांचं स्वच्छतागृह कुठे. एक जुना माणूस आठवडाभर बरोबर द्या. तो शहाणा निवडा, रिकामा बसलाय म्हणून नको.

परिवीक्षा तीन किंवा सहा महिन्यांची ठेवा आणि ३०, ६०, ९० दिवसांना सुपरवायझरकडून चार ओळी लिहून घ्या: येतो वेळेवर का, काम किती बिघडतं, ऐकतो का, ठेवायचा का. मुदत संपली की कायम केल्याचं, मुदत वाढवल्याचं किंवा थांबवल्याचं पत्र द्या. काहीच न देता माणूस कामावर येत राहिला, तर तो कायम झाला की नाही हा वाद तुम्हीच पेरून ठेवलेला असतो.

पायरी ५: हजेरी, आणि २६ की ३०

बायोमेट्रिक मशीन बसवलं म्हणून हजेरीचा प्रश्न सुटत नाही. ग्राइंडिंगवाल्यांची बोटं घासलेली असतात, ठसा उमटत नाही. त्यांच्यासाठी चेहऱ्याचं मशीन किंवा कार्ड ठेवा. पंच राहिला तर त्याच दिवशी सुपरवायझरच्या सहीची चिठ्ठी. महिनाअखेरीला ‘मी त्या मंगळवारी आलो होतो’ हे कोणी सिद्ध करू शकत नाही, तोही नाही आणि तुम्हीही नाही.

उशिराची सवलत किती मिनिटं, किती उशिरांना अर्धा दिवस, हे लिहून नोटीस बोर्डावर लावा, आणि मालकांच्या भाच्यालाही तोच नियम लावा.

आता दिवसाचा दर. १५,०००ला २६ने भागलं तर ५७७, ३०ने भागलं तर ५००. काही जागी खाडा कापताना २६ने कापतात आणि ओव्हरटाइम देताना ३०ने देतात. मोबाइलमधल्या कॅल्क्युलेटरवर हे कामगाराला दोन मिनिटांत कळतं, आणि एकदा कळलं की तुमच्या पगारपत्रकातल्या कुठल्याच आकड्यावर त्याचा विश्वास राहत नाही. किमान वेतनाची आणि ग्रॅच्युइटीची गणितं २६वर चालतात, म्हणून दोन्हीकडे २६च धरा. ओव्हरटाइम दुप्पट दराने: १५,००० भागिले २६ भागिले ८, म्हणजे तासाला ७२.१२, दुप्पट १४४.२४. ‘ओव्हरटाइमच्या बदल्यात एक दिवस सुट्टी घे’ हा तोंडी व्यवहार करू नका. ती सुट्टी कधीच घेतली जात नाही आणि नोकरी सोडताना तिचा हिशोब निघतो.

पायरी ६: पगाराचा आठवडा

पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत. मागे मोजत आलं की वेळापत्रक आपोआप बनतं. १ला हजेरी बंद. २ला मिस पंच, रजा आणि ओव्हरटाइम सुपरवायझरकडून सही करून. ३ला कच्चं पगारपत्रक. ४ला ते मागच्या महिन्याच्या शेजारी ठेवून वाचा: कोणाचा पगार ५०० रुपयांहून जास्त हललाय, आणि का? बहुतेक चुका या एका नजरेत सापडतात. सोडून गेलेल्याचं नाव राहिलेलं असतं, नवा माणूस राहून गेलेला असतो. ५ला मालकांची मंजुरी, ६ला बँक. पगार खात्यावरच द्या आणि प्रत्येकाला स्लिप द्या, व्हॉट्सॲपवर पाठवली तरी चालेल.

पीएफ आणि ईएसआय १५ तारखेच्या आत. ही तारीख कधी चुकवायची नाही, रोकड कमी असली तरी. कामगाराच्या पगारातून कापलेला पीएफ भरला नाही, तर तो उशीर राहत नाही, फौजदारी गुन्हा होतो. कन्सल्टंट ‘भरलंय’ म्हणाला तरी चलनाची पावती मागून घ्या आणि त्यातली माणसांची संख्या पगारपत्रकाशी जुळवा. व्यवसाय कर महिन्याला भरायचा की वर्षाला, हे गेल्या वर्षीच्या कराच्या रकमेवर ठरतं. कामगार कल्याण निधी जून आणि डिसेंबरच्या पगारातून: माणसाचे २५, मालकांचे ७५, आणि भरायची तारीख १५ जुलै व १५ जानेवारी. रक्कम इतकी किरकोळ की सगळे विसरतात, आणि मग परवान्याच्या एखाद्या कामात नेमकी तीच पावती मागतात.

उचलीसाठी वेगळी वही ठेवा. तारीख, रक्कम, किती हप्त्यांत, माणसाची सही, मालकांची सही. मालक गेटवर उभं राहून खिशातून दोन हजार काढून देतात, ते वहीत येत नाहीत, आणि दिवाळीच्या बोनसच्या वेळी आठवतात. त्यांना वही नेऊन दाखवायचं धाडस एचआरने करायला हवं. एका महिन्यात सगळ्या कपाती मिळून वेतनाच्या निम्म्याहून जास्त जाता कामा नयेत. आणि मशीनची मोडतोड झाली म्हणून सरळ पगारातून कापायचं नाही. आधी नोटीस द्या, त्याचं म्हणणं ऐका.

ठेकेदाराची माणसं असतील तर त्याचं बिल पास करण्याआधी मागच्या महिन्याचं पगारपत्रक, पीएफ आणि ईएसआयची चलनं आणि त्यातली नावं तपासा. त्याने भरलं नाही तर वसुली तुमच्याकडून होते. बिल थांबवणं हे तुमच्या हातातलं एकमेव शस्त्र आहे. बिल दिल्यावर ठेकेदार फोन उचलत नाही.

पायरी ७: रजा

दुकानं आणि कार्यालयांना महाराष्ट्राचा २०१७चा कायदा लागू आहे: वर्षाला ८ किरकोळ रजा, ८ भरपगारी सणाच्या सुट्ट्या, आणि वर्षात २४० दिवस काम केलेल्याला दर २० दिवसांमागे १ दिवस अर्जित रजा, जास्तीत जास्त ४५ दिवस साठवता येणारी. कारखान्यातही दर २० दिवसांमागे १ हेच प्रमाण आहे. नव्या संहितेत २४० दिवसांची अट १८०वर आली आहे.

नियम सोपा, अंमल अवघड. डिसेंबरमध्ये पुढच्या वर्षाची सुट्ट्यांची यादी कामगारांना बोलावून ठरवा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर पक्के. उरलेल्या चारांत कोणाला ईद हवी असते, कोणाला आंबेडकर जयंती, कोणाला गावची यात्रा. एकदा सह्यांसह यादी लागली की ‘आज अचानक सुट्टी द्या’ हा विषय निम्मा संपतो. गणपती आणि दिवाळीच्या रजेचे अर्ज महिनाभर आधी घ्या आणि खात्यातून एका वेळी किती जण जातील ते सुपरवायझरसोबत बसून ठरवा. सगळ्यांना नकार दिलात तर सगळे आजारी पडतात.

पायरी ८: तक्रार

महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, अर्धा तास शॉपफ्लोअरवर बसा. केबिनमध्ये कोणी येत नाही. आलेल्या तक्रारी वहीत लिहा आणि पुढच्या महिन्यात सुरुवात मागच्या तक्रारींच्या उत्तरांनी करा, ‘नाही’ हे उत्तर असलं तरी. पाण्याचा कूलर आणि पंखा हे विषय फालतू समजू नका.

लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी २०१३च्या कायद्याप्रमाणे समिती कागदावर दाखवण्यापुरती करू नका. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला, कर्मचाऱ्यांतले किमान दोन सदस्य, बाहेरच्या संस्थेतला एक सदस्य, आणि एकूण निम्म्या महिला. नावं आणि फोन बोर्डावर. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत, चौकशी ९० दिवसांत. दरवर्षी अहवाल जिल्हा अधिकाऱ्यांकडे. समिती नसेल तर ५०,०००पर्यंत दंड. तक्रार तुमच्याकडे तोंडी आली तर ‘समजावून सांगतो त्याला’ असं म्हणून मिटवू नका. ती लिहून द्यायला त्या बाईला मदत करा आणि समितीकडे पाठवा. दहाच्या आत माणसं असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे.

पायरी ९: शिस्तीची कारवाई

मालकांच्या तोंडी ‘उद्यापासून येऊ नको’ हे वाक्य कारखान्याला सगळ्यात महाग पडतं. दोन वर्षांनी कामगार न्यायालयात त्याचा पुरावा शून्य असतो. न चौकशी, न पत्र, आणि माणूस परत कामावर आणि मागचा पगार मागतो.

क्रम असा. पहिल्यांदा तोंडी समज, पण त्याची तारीख वहीत. दुसऱ्यांदा लेखी. गंभीर प्रकार असेल, म्हणजे चोरी, मारामारी, दारू पिऊन येणं, तर कारणे दाखवा नोटीस: काय झालं, कधी, कोणासमोर, आणि उत्तराला किमान ४८ तास. ‘तुमचं वर्तन बरोबर नाही’ अशी मोघम नोटीस कुठेच टिकत नाही. ‘१२ तारखेला रात्री ९.४०ला स्टोअरच्या मागच्या दाराने तांब्याची तार नेताना’ अशी हवी. उत्तर पटलं नाही तर आरोपपत्र आणि चौकशी, चौकशी अधिकारी त्या घटनेशी संबंध नसलेला, माणसाला साक्षीदार आणायची आणि उलट विचारायची मुभा. निलंबित केलं तर पहिल्या ९० दिवसांत निम्मा निर्वाह भत्ता द्यावा लागतो. नोटीस घ्यायला नकार दिला तर दोन साक्षीदारांच्या सह्यांनी तसं लिहा आणि रजिस्टर पोस्टाने घरी पाठवा.

न सांगता गैरहजर राहणाऱ्यालाही हेच. चौथ्या दिवशी फोन, आठव्या दिवशी पत्र, मग दुसरं पत्र. ‘तो पळाला’ असं मस्टरवर लिहून नाव खोडलं, तर कायद्याच्या नजरेत तुम्ही त्याला काढलं.

पायरी १०: निरोप

राजीनामा हाताने लिहिलेला, तारखेसह घ्या आणि स्वीकारल्याचं पत्र द्या. शेवटच्या दिवसाआधी हिशोब तयार ठेवा, कारण वेतनाला दोनच कामाचे दिवस मिळतात: राहिलेला पगार, ओव्हरटाइम, उरलेली अर्जित रजा, वजा उचल. साहित्य परत घेण्याच्या यादीवर स्टोअर, टूल रूम आणि अकाउंट्स यांच्या सह्या शेवटच्या दिवशी सकाळीच घ्या. संध्याकाळी सहाला स्टोअरवाला घरी गेलेला असतो.

पाच वर्षं झालेल्याला ग्रॅच्युइटी ३० दिवसांत. सात वर्षं आठ महिने असतील तर आठ धरा, सहा महिन्यांच्या वरचा भाग पूर्ण वर्ष होतो: १५,००० गुणिले १५ भागिले २६ गुणिले ८, म्हणजे ६९,२३१. ही रक्कम ‘माणूस भांडून गेला’ म्हणून अडवता येत नाही.

मग पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख भरा. ती भरली नाही तर त्याचा पीएफ ना निघतो ना नव्या ठिकाणी जातो, आणि तो दर आठवड्याला तुम्हाला फोन करतो. दोन महिन्यांनी त्याला स्वतःलाही ती भरता येते, पण तोवर तुमच्या कारखान्याचं नाव टपरीवर झालेलं असतं. तारीख भरताना शेवटच्या महिन्याचं चलन आधी भरलेलं आहे ना ते बघा. चलनातला शेवटचा महिना आणि सोडल्याची तारीख जुळत नसेल तर दावा परत येतो. अनुभवाचा दाखला त्याच दिवशी द्या: पद, कधीपासून कधीपर्यंत, सही, शिक्का. चांगला वेल्डर असेल, तर जाताना विचारून ठेवा की परत यायचं झालं तर कोणती शिफ्ट चालेल.